वाकून, तिरकं, गप्प

आमच्या नावेत बोलायला बंदी होती. शिंकायलासुद्धा. एकदा पुण्याच्या एका काकूंना ऐन पक्ष्यांसमोर शिंक येऊ घातली, तर पप्पांनी नुसतं वळून बघितलं. बिचारीनं दोन्ही हातांनी नाक दाबून ती शिंक गिळली आणि धक्क्यावर उतरल्यावर सगळ्यांना अभिमानाने सांगत सुटली, "मी शिंकले नाही हं!"

आता विचार करा, अशा नावेत माझ्यासारखीनं बसायचं! मी स्वरांगी मल्लाव, दहावी ब. मागच्या वर्षीपर्यंत उत्तर येत असलं तरी मी वर्गात हात वर करायची नाही. मग जिल्ह्याच्या विज्ञान मेळाव्यात एकदा माईक हातात आला, आणि तेव्हापासून तो मी मनातल्या मनात खाली ठेवलेलाच नाही.

आमच्या करंजडोहला धरणाच्या फुगवट्याने तिन्ही बाजूंनी वेढलंय. थंडीत पाणी ओसरायला लागलं की चिखलाची बेटं उघडी पडतात आणि त्यांच्यावर पक्षी उतरतात. रोहित, चक्रवाक, शेकाटे, आणि पप्पांचे लाडके पट्टकादंब. पट्टकादंब म्हणजे राखी रंगाचा हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हा पठ्ठ्या हिमालय ओलांडून येतो आणि थंडी सरली की हिमालय ओलांडूनच परत जातो. त्यांना बघायला माणसं येतात आणि माणसांना न्यायला आम्ही भोई. नदी होती तेव्हा आम्ही नदीवर होतो, धरण झालं तसे फुगवट्यावर आलो.

धक्क्यावरच्या सगळ्या नावाड्यांत पप्पांचं, म्हणजे बजरंग मल्लावांचं नाव मोठं. त्यांची नाव जितकी जवळ जायची तितकी कुणाचीच जात नव्हती. तंत्र पणजोबांपासून चालत आलेलं. बेट लांब असतानाच मोटर बंद करायची. मग नावेत वाकून बसायचं, बांबू पाण्याबाहेर न काढता रेटायचा आणि नाव समोरून न नेता तिरकी तिरकी सरकवायची. नावेच्या टोकाला पाणकणसाचे झुबके बांधलेले. कुणी पाहिलं तर वाटावं, एक बेटच वाहत चाललंय.

आणि पक्षी उडायचे नाहीत. माना ताठ वर करून सगळे कॅमेऱ्यांकडे बघत राहायचे. पाहुणे वेडे व्हायचे.

"ओळखत्यात ती मला," पप्पा म्हणायचे. एवढंच. पण ते म्हणताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की मी कितीही बडबडी असले तरी त्या क्षणी गप्प बसायची.

यंदा तर कमाल झाली. पाणथळ मंडळाने ठरवलं की राज्यातल्या सगळ्या पाणथळांवरच्या नावाड्यांनी पप्पांची पद्धत शिकायची. येत्या रविवारी पहिली तुकडी आमच्याकडे येणार होती. मम्मीने पप्पांचा पांढरा सदरा दोनदा धुतला. गोरखकाका धक्क्यावर ओरडून सांगत होता, "आमचा बजरंग आता मास्तर झाला रं! छडी आणा कुणीतरी!"

गोरखकाका म्हणजे पप्पांचा चुलतभाऊ. त्याचं आणि पप्पांचं सगळंच उलट. तो नावेत उभा राहून गाणी म्हणतो, पाहुण्यांना खोट्यानाट्या गोष्टी सांगतो आणि नाव सरळ रेषेत, हत्तीवरून मिरवणूक निघाल्यासारखी नेतो. त्याच्या नावेतून पक्षी लांबूनच दिसायचे, हे सगळ्यांना माहीत. त्यालाही.

आणि मग ठोक्या आला.

पक्षी अभ्यास केंद्रातल्या डॉक्टर हिमानी केळुसकर तो घेऊन आल्या. त्याचं खरं नाव बारा अक्षरी आहे, आम्ही ठेवलेलं नाव ठोक्या. दिसायला जाडजूड टॉर्चसारखा. लांबवरच्या पक्ष्यावर धरायचा, आणि त्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. त्याला हात न लावता!

हे कसं होतं ते हिमानीमॅडमनी आमच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवलं. ठोक्या हे एक छोटं रडार आहे. त्यातून निघणाऱ्या लहरी अगदी आखूड, मिलिमीटरच्या मापातल्या. कोरडी पिसं या लहरींना काचेसारखी, त्या आरपार जातात आणि छातीच्या कातडीवर आपटून परत येतात. दर ठोक्याला छाती केसभर पुढे येते, आणि तेवढ्यानेही परतणारी लहर बदलते. अवघड काम पुढेच आहे. कारण वारा हलतोय, पाणी हलतंय, पक्ष्याचा श्वास हलतोय, आपली नावही हलतेय. ही सगळी हालचाल ठोक्यातल्या संगणकाने ओळखून वजा करायची आणि उरेल तो ठोका. मॅडम म्हणाल्या, "लग्नाच्या बँडमध्ये उभं राहून नवरदेवाच्या मनगटावरचं घड्याळ ऐकण्यासारखं."

"मग आधी कसं मोजायचे?" मी विचारलं. (हात वर करून!)

"पक्षी पकडून त्याला यंत्र बांधायचो. पण पकडलेला पक्षी शांत कसा असेल? त्यामुळे आपण मोजत होतो ते त्याचं हृदय की आपली भीती, हेच नीट कळत नव्हतं."

ठोक्यावर एक दिवा आहे. पक्षी निवांत असेल तर हिरवा, सावध झाला की पिवळा, घाबरला की लाल. प्रत्येक जातीसाठी वेगळा हिशोब. झोपलेल्या पक्ष्याचा ठोका, चरतानाचा, वर ससाणा फिरत असतानाचा, असं सगळं त्यांनी दोन हिवाळे मोजून आत भरलंय. मॅडमना रविवारच्या शिबिरासाठी पप्पांच्या नावेची मोजणी हवी होती. शांत नाव पक्ष्यांना सगळ्यात कमी त्रास देते हे एकदा आकड्यात दिसलं की कुणी शंका घेणार नाही, असं त्या म्हणाल्या. ठोक्या धरायला त्यांनी मला निवडलं. मी तीन रात्री त्याचीच स्वप्नं पाहिली.

पहिल्या सकाळी पप्पांच्या नावेत चार पाहुणे, पुढे मी. कानात ठोके ऐकायची गुंडी. मोटर बंद झाली. पप्पा वाकले. पट्टकादंबांचा थवा बेटाच्या उतारावर बसला होता, तीसेक असतील. मी एकावर ठोक्या धरला. हिरवा. कानात संथ ठोका, कुणी दूर धुणं बडवतंय तसा.

नाव तिरकी सरकायला लागली. पिवळा.

अजून आम्ही चांगलेच लांब होतो, तेवढ्यात दिवा लाल झाला. पक्ष्यांनी माना वर केल्या. कानात ठोके एकात एक मिसळून नुसतं तडतडत होतं, तव्यावर मोहरी टाकल्यासारखं. आणि बाहेर? काहीच नाही. हंस उभे. पाय चिखलात रोवल्यासारखे, नजर आमच्याकडे. एकही हलत नव्हता.

"काय पोज देतायत!" मागून एक दादा कुजबुजला, आणि कॅमेरे सुरू झाले.

मी दुसऱ्या पक्ष्यावर धरला. लाल. तिसऱ्यावर, लाल. वळून पाहिलं तर पप्पा माझ्याकडे बघून डोळ्यांनीच हसत होते. बघ म्हटलं होतं ना, असे.

मला वाटलं ठोक्या बिघडला. खरंच वाटलं. म्हणून दुपारी मी गोरखकाकाच्या नावेत चढले. म्हटलं, याच्या नावेत तर दिवा फुटूनच जाईल.

काका उभा, कमरेवर हात, पाहुण्यांना सांगतोय की या फुगवट्याखाली एक राजवाडा आहे आणि उन्हाळ्यात त्याच्या खिडक्या दिसतात. नाव सरळ बेटाकडे. मी पक्ष्यावर ठोक्या धरला. हिरवा. काकाने गाणं सुरू केलं. हिरवा! अंतर कमी होत गेलं तसा पिवळा झाला, दोन हंस आमच्याकडे बघून डुलत डुलत बाजूला गेले आणि पुन्हा गवत खायला लागले. चार उडाले, शेजारच्या बेटावर उतरले. थोड्या वेळाने त्यांच्यावर धरला तर परत हिरवा.

"काय गं स्वरे, माझ्या गळ्याला किती मार्क देतंय ते?" काका ओरडला.

"पास झालास काका," मी म्हटलं. आणि ठोक्या पुन्हा पहिल्या हंसावर धरला.

पुढचे दोन दिवस शाळेआधी आणि शाळेनंतर मी मोजतच राहिले. दरवेळी तेच. मग शाळा सुटल्यावर वर्गातच हिमानीमॅडमना दाखवलं. त्यांनी सगळी मोजणी पुन्हा पुन्हा लावून पाहिली.

"यंत्र बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "स्वरांगी, पाण्यातून म्हैस येते तेव्हा पक्षी काय करतात?"

"काही नाही. पाठीवर बसतात तिच्या."

"ती कशी येते? सरळ. आवाज करत. तिला कुठेतरी जायचंय हे लांबूनच कळतं. आणि कोल्हा कसा येतो?"

मी सांगायला लागले. वाकून. तिरका. गप्प.

मला एकदम पणजोबांची गोष्ट आठवली. घरात ती हसत हसत सांगतात. पणजोबा डोक्यावर उपडा माठ घालून, त्याला डोळ्यांपुरती भोकं पाडून गळ्याइतक्या पाण्यात चालायचे. पक्ष्यांना वाटायचं माठ वाहत येतोय. जवळ पोचले की पाण्याखालून पक्ष्याचा पाय ओढायचा. पुढे साहेब लोक बंदुका घेऊन यायला लागले, तेव्हा त्यांची नाव वाकून, तिरकी, गप्प नेणारेही पणजोबाच. पप्पांनी बंदूक काढून तिथे कॅमेरा बसवला. बाकी सगळं तसंच ठेवलं, कारण ते उत्तम होतं. शिकारीसाठी उत्तम होतं.

"पण मग ते उडत का नाहीत?" मी विचारलं.

"काही दिसतंय पण ते नक्की काय आहे कळत नाही, तेव्हा हललं की आपणच दिसतो. म्हणून थिजून राहायचं. तुमचे पाहुणे जिला पोज म्हणतात ना, ती मान भीतीची आहे." मग त्यांनी खडू उचलला, आणि तसाच खाली ठेवला. "हे हंस इथे चरबी साठवायला येतात. त्याच चरबीवर हिमालय पार करायचा असतो. हृदय असं धडधडलं की ती जळते. दिवसातून पाच-सहा नावा, सगळा हिवाळा. काही पक्षी डोंगरापर्यंत पोचतील, पलीकडे पोचणार नाहीत."

आणि रविवारी पप्पा हे सगळ्या राज्याला शिकवणार होते.

"शिबिर थांबवावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "बजरंगभाऊंना मी सांगते."

"नको," मी म्हटलं. "मी सांगते." एवढी हिंमत कुठून आली कोण जाणे. धक्क्यापर्यंत जाईस्तोवर तिच्यातली निम्मी गळाली होती.

पप्पा नाव पालथी घालून तिला डांबर लावत होते. रविवारसाठी. मी आधी शाळेचं बोलले, मग हवेचं बोलले, मग मॅडमच्या चपलांचं बोलले.

"काय झालंय?" पप्पांनी वर न बघता विचारलं.

मग मी सांगितलं. सगळं, एका दमात. म्हैस, कोल्हा, चरबी, लाल दिवा. आणि गोरखकाकाचा हिरवा दिवा.

डांबराचा ब्रश थांबला.

"गोरख्या?" पप्पा म्हणाले. "त्यो बेसूर बोंबलतोय, आन् त्याला पक्षी भीत न्हाईत? आन् मला भित्यात?"

"पप्पा, यंत्र..."

"यंत्राला काय कळतंय? बावीस वर्षं झाली मला. माझ्यासमोर पिल्लं घेऊन बसत्यात चक्रवाक." (चक्रवाकाची पिल्लं इथे नसतात, ती लडाखला होतात. पण ते सांगायची ही वेळ नव्हती, एवढं मलाही कळत होतं.) "तुला माईक काय मिळाला, बापाला शिकवाय लागली व्हय गं?"

ते लागलं मला. मी पण बोलून गेले, "मग स्वतः ऐका ना एकदा! तुम्ही कधी ऐकलंयत का? तुम्ही तर दरवेळी नावेतच असता!"

पप्पांनी ब्रश डब्यात टाकला आणि निघून गेले. त्या दिवशी घरात कुणीच बोललं नाही. आमच्या घराची नाव झाली होती.

शनिवारी सकाळी शाळा अर्धीच होती. घरी आले तर पप्पा ओसरीवर तयार बसलेले.

"चल," म्हणाले. "नाव तू रेट. माझ्यासारखीच. मी काठावर बसतो त्या मॅडमसंगं."

मला बांबू लहानपणापासून येतो. पप्पांनीच शिकवलाय. पक्षी बघायला बांधलेल्या लाकडी आडोशात पप्पा आणि हिमानीमॅडम बसले. ठोक्याचा आवाज कानात न घेता मोठ्याने लावायचा, असं पप्पांनीच सांगितलं होतं. मी लांबून निघाले. वाकले. बांबू पाण्यातच ठेवला. नाव तिरकी घेतली. खोटं कशाला सांगू, मी फार छान नेत होते. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. सगळा थवा माना वर करून थिजला. एवढ्या जवळ मी एकटी कधीच गेले नव्हते. एका हंसाच्या डोळ्यात ऊन दिसत होतं.

आणि तेवढ्यात आडोशातून आवाज आला.

"स्वरे! थांब! थांब गं, बास कर!"

पप्पा. पाण्यावर ज्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता ते पप्पा आडोशाबाहेर येऊन दोन्ही हात हलवत ओरडत होते. सगळा थवा एकदम उठला. पंखांचा वारा माझ्या तोंडावर आला. पप्पा चिखलात उतरले होते, घोट्याच्या वरपर्यंत, आणि ओरडत होते, "बास! बास!" तेव्हा पाखरं केव्हाच लांब गेली होती.

मी नाव काठाला लावली. पप्पा चिखलातच उभे. पांढरे पडलेले.

"पोरी," ते म्हणाले, "एवढं जोरात? दर टायमाला?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"मला वाटायचं," असं म्हणून ते थांबले. मग नुसतंच, "मला वाटायचं," एवढंच पुन्हा म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

रविवारी नावाडी आले. वेगवेगळ्या धरणांवरचे, खाड्यांवरचे, बायकाही होत्या त्यांच्यात. मंडळाचे साहेब आले. मॅडम शिबिर रद्द करा म्हणत होत्या, पण पप्पा म्हणाले, "आलेल्या माणसांना माघारी कशाला धाडायचं? शिकवतो मी." सदरा तोच, दोनदा धुतलेला. मम्मी मला विचारत राहिली, "काय शिकवणारेत गं हे?" मला काय माहीत!

धक्क्यावर उभं राहून पप्पांनी आधी आपलीच पद्धत करून दाखवली. वाकले, पाणकणसाचे झुबके दाखवले, बांबू कसा धरायचा ते दाखवलं. लोक माना डोलवायला लागले. मग पप्पा सरळ झाले आणि म्हणाले, "ही अशी मारायची. पाखरं. माझ्या आज्यानं मारली. मी बी बावीस वर्षं तेच करत हुतो, फक्त मारत नव्हतो. ही रीत इथनं पुढं कुणी करायची न्हाई."

कुजबुज झाली. साहेबांचा चेहरा आंबला. एक मिशीवाले काका मोठ्याने म्हणाले, "म्हणजे आम्ही एवढ्या लांबनं हे ऐकायला आलो? मग जवळ जायचं कसं?"

"ते आज आपण दोघंबी शिकू," पप्पा म्हणाले. "गोरख्या, चल पुढं बस. आन् गाणं म्हण."

गोरखकाका आयुष्यात पहिल्यांदा लाजला. "मी? आत्ता? कुठलं म्हणू?"

"कुठलंबी. सगळी सारखीच येत्यात तुला."

सगळे हसले, आणि त्यातच नाव निघाली. मिशीवाले काका, आणखी पाच जण, मी ठोक्या घेऊन. पप्पा उभे. एवढे उंच आहेत ते, हे मला नावेत कधी जाणवलंच नव्हतं. नाव सरळ. काकाचं गाणं, माझी बडबड, मोटरीची घरघर. आम्ही लांबूनच दिसत होतो, ऐकू येत होतो, आणि कुठेतरी चाललो होतो.

बेटाच्या बऱ्याच अलीकडे दिवा हिरव्याचा पिवळा होऊ लागला. मी हात वर केला. पप्पांनी मोटर बंद केली, थोडं मागे घेतलं. हिरवा.

"इथनं काय दिसतंय?" मिशीवाले काका म्हणाले. खरंच फारसं दिसत नव्हतं. राखी ठिपके, उतारावर. दुर्बिणीतून एक हंस दिसला, एका पायावर उभा, मान पाठीवरच्या पिसांत खुपसलेली.

पप्पांनी माझ्या हातातून ठोक्या घेतला, त्या हंसावर धरला आणि आवाज मोठा केला.

ठक... ठक... ठक...

गोरखकाकाचं गाणं आपोआप थांबलं. मिशीवाल्या काकांनी दुर्बीण खाली घेतली. पाणी नावेला लागत होतं, आणि मधूनमधून तो ठोका.

"झोपलाय," मी सांगितलं.

पप्पा ऐकत होते. डोळे बेटावर नव्हते, हातातल्या त्या टॉर्चवर होते.

"हा असा असतोय व्हय," ते म्हणाले. "मी गेलो न्हाई तर."

मग त्यांनी ठोक्या माझ्याकडे दिला, मागे जाऊन मोटरीला हात घातला आणि नाव हळूच आणखी मागे घ्यायला लागले.

"हिरवाच आहे की पप्पा," मी म्हटलं. "इथे चालतंय आपल्याला."

"आसू दे," पप्पा म्हणाले.